तळ्यात गेलेली आगगाडी

३ फेब्रुवारी, मंगळवार

माळ्यावरची टाकी गळते म्हणून प्लंबरला बोलावलं, तर तो आधी ट्रंकच खाली घेऊन आला. ही आडवी येते, हिला हलवल्याशिवाय पाना फिरत नाही म्हणे. काळी, पत्र्याची ट्रंक. वर चिठ्ठी – 'जुन्या चादरी'. अक्षर ह्यांचं. चादरी काही पळून जात नाहीत, म्हणून तशीच भिंतीशी सरकवली. प्लंबर वायसर आणायला गेला तो गेलाच. टाकी अजून गळतेय.

दुपारी चहा झाल्यावर सहज उघडली.

पुस्तकं. आमची पुस्तकं! नऊच्या नऊ!

उठले, हात धुतले, कोरडे केले, मग एकेक बाहेर काढलं. पुठ्ठ्यांना अजून तोच वास – खळ, रॉकेल आणि थोडी शाई. कड जरा कुरतडलेली, शिवण ढिली. बाकी जशीच्या तशी. तळाला बाबांनी जाड पांढरा कागद अंथरला होता, तोही जागचा हललेला नाही. तो राहू दिला.

संध्याकाळी हे आले तेव्हा मी जमिनीवर फतकल मारून बसले होते, भोवती पुस्तकं. ह्यांनी चष्मा वर केला आणि शांतपणे विचारलं, चादरी कुठे गेल्या?

४ फेब्रुवारी, बुधवार

कालपासून तिसऱ्यांदा सगळी चाळली. दुकानात आज दोन गिऱ्हाइकांना चष्म्याची एकच फ्रेम दाखवली.

नीट लिहून ठेवते, नाहीतर पुढे मीच विसरेन. बाबा छापखान्यात मशिनमन. तिथे मुलांची चित्रांची पुस्तकं छापायचे. मशिन एका रंगाचं, म्हणून चार रंगांसाठी प्रत्येक ताव चारदा आत घालायचा. रंग जुळेपर्यंत जे ताव बिघडत ते बाबा घरी आणत, दुमडत, आईच्या सुईने शिवत, जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यात बांधत. आमची पुस्तकं ही अशी. छापखान्यात रंग जुळवायला बिघडलेलेच ताव पुन्हा पुन्हा वापरत, त्यामुळे एका पुस्तकाच्या चित्रावर दुसऱ्याच पुस्तकाचं चित्र छापलेलं. भाजीबाजारातून मासे पोहताहेत. शिंप्याच्या मशिनवर वाघ बसलाय. अंथरुणात आजारी मुलगा आणि त्याच्या पांघरुणावरून गलबतं चाललीत.

आणि अक्षरं नाहीत. एकाही पुस्तकात एक अक्षर नाही. बाबा सांगायचे, अक्षरं छापायच्या आधीच ताव बिघडला, काय करणार! त्यामुळे गोष्ट आम्हीच रचायची. मी आणि माझा धाकटा भाऊ. त्याला घरात सगळे शेपूट म्हणत, कारण मी जाईन तिथे मागे.

चित्रं कुणी काढली कुणास ठाऊक. नाव कुठेच नाही. पण हात एकाच माणसाचा. नाक म्हणजे एक ठिपका. प्रत्येक खिडकीत एक कुंडी, आणि कुंडीतलं झाड नेहमी बाहेर वाकून रस्ता बघणारं. मला वाटायचं, झाडं अशीच असतात. अजूनही वाटतं थोडं.

प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर कोपऱ्यात पेन्सिलीत आकडा आणि तारीख. बाबांची मशिनवरची सवय, घरीही सुटली नाही. पहिलं, दुसरं, तिसरं... नववं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

ट्रंकेत दहावं पुस्तकही होतं. ते परवा मुद्दामच लिहिलं नाही.

ते विकतचं. चकचकीत, अक्षरांसकट. जवळजवळ न उघडलेलं.

नवव्या पुस्तकात एक आगगाडी आहे. ती डोंगरातून येते, शेतातून जाते आणि मग सरळ तळ्यात शिरते. चहूकडे बदकं, कमळाची पानं, आणि निळ्या पाण्यातून लाल डबे आरपार दिसताहेत. शेवटच्या पानावर फक्त धुरांडं वर. संपलं! पुढे काय झालं म्हणून आम्ही बाबांना भंडावून सोडायचो. त्यांचं उत्तर ठरलेलं – "पुढचा फर्मा अजून बिघडला नाही. बिघडला की आणतो." फर्मा म्हणजे एका तावावर छापलेली पानं.

मी म्हणायचे गाडी बुडाली. शेपूट म्हणायचा, बुडाली नाही, पलीकडून बाहेर येते आणि टपावर बदकं बसलेली असतात. यावरून आमची अक्षरशः मारामारी. मी दहाची होत होते, तो सहाचा. त्याच्या दंडावर माझ्या नखांची खूण होती कितीतरी दिवस.

मग सात जुलै. माझ्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शाळेतल्या मैत्रिणीकडे गेले, आणि तिच्याकडे तेच पुस्तक. खरं. आगगाडी पुलावरून जाते. तळं नाहीच! तळं दुसऱ्याच पुस्तकातलं. ती हसली, तिची आई हसली. तुमचं बिघडलेलं आहे गं.

घरी आले. बाबा जेवत होते. मी म्हटलं, "आम्हाला बिघडलेली नकोत. खरी आणा."

बाबांनी जेवण संपवलं, ताट उचललं. दुसऱ्या दिवशी वाढदिवसाला हे विकतचं पुस्तक आणलं. गाडी पुलावरून जाते, स्टेशनात थांबते, सगळे उतरतात. मी एकदा वाचलं. त्यानंतर बाबांनी पुस्तक म्हणून घरी आणलं नाही. आम्ही मोठे झालो असं मी धरून चालले.

७ फेब्रुवारी, शनिवार

आता खरा प्रश्न. शेपटाला सांगायचं कसं.

चार वर्षं झाली बोलून. बाबा गेले, घर रिकामं करायचं होतं, आणि माझा पाय प्लास्टरमध्ये. तेव्हा सगळं ह्यांनी आणि शेपटाने मिळून आवरलं. नंतर पुस्तकं कुठेच नाहीत. मी फोन केला. त्याला विचारलंसुद्धा नाही – थेट म्हटलं, "तू बाबांना रद्दीत घातलंस." त्याने काही उत्तर द्यायच्या आत ठेवून दिला. पुन्हा त्याने केला नाही, मीही नाही.

आणि पुस्तकं इतकी वर्षं माझ्याच डोक्यावर, माझ्याच माळ्यावर! ह्यांना फैलावर घेतलं. म्हणतात, मला घाई होती, दोन ट्रंका होत्या, उघडून बघायला वेळ कुठे होता, अंदाजाने चिठ्ठ्या लावल्या. अंदाजाने! हा माणूस मिठाच्या बरणीवर अंदाजाने 'साखर' लिहील आणि आयुष्यभर गोड मानून खाईल.

पण आरोप ह्यांनी नव्हता केला. मी केला होता.

'माझं चुकलं' एवढंच लिहायचं आहे. फोनवर चारदा टाइप केलं, पाचदा खोडलं. पाचवं कसं खोडलं देव जाणे. मला हे दोन शब्द म्हणायची सवयच नाही. दुकानात चष्म्याचा नंबर चुकला तरी मी म्हणते, काच बदलून देते.

शेवटी फक्त फोटो पाठवला. नवव्या पुस्तकाचं शेवटचं पान. पाण्यावर धुरांडं. सोबत एक शब्दही नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

त्याने बघितलंय. उत्तर नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

दुकानात एका आजीचे डोळे तपासत होते. आता नीट दिसतं? आता? – आणि खिशात फोन वाजला. तपासणी अर्धवट टाकून बघितला. आजी यंत्राला हनुवटी टेकवून तशाच बसून राहिल्या बिचाऱ्या.

शेपूट. दोन शब्द.

"बुडाली नव्हती."

मी तिथेच उभ्याउभ्या लिहिलं, "बुडाली होती."

पाच मिनिटांनी – "एकवीसला शनिवार आहे. येऊ का?"

आजींना म्हटलं, तुमचा नंबर उत्तम आहे. मग भानावर आले आणि पुन्हा पहिल्यापासून तपासला.

११ फेब्रुवारी, बुधवार

आनंदात आहे. टाकीसुद्धा गळायची थांबली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

शेपूट यायच्या आत नवव्याची शिवण नीट करून घ्यावी म्हणून बाइंडरकडे गेले. न्यायालयामागच्या गल्लीत एकच उरलेत, ऐंशीच्या घरातले. वकिलांच्या जाड जाड वह्या बांधतात. खोलीभर कागदाच्या कापट्या, मधोमध ते, मांडीवर पुठ्ठा. तरुणपणी तेही एका छापखान्यात होते म्हणे, बाबांच्या नव्हे, दुसऱ्या.

पुस्तक हातात घेऊन त्यांनी आधी वास घेतला, मग शिवण बघितली आणि म्हणाले, ही बाईमाणसाच्या सुईने शिवलीय, पण शिवणारा पुरुष आहे. गाठी फार ओढल्यात! मी म्हटलं, बाबा. मंगळवारी या म्हणाले.

ठेवून आले खरी, पण घरी येईपर्यंत तीनदा वाटलं, परत जाऊन घेऊन यावं. हे म्हणतात, पोराला शाळेत सोडून आल्यासारखं तोंड केलंयस.

१५ फेब्रुवारी, रविवार

आठ पुस्तकं ओळीने पलंगावर मांडली आणि आम्ही दोघं पोटावर पालथे पडून बघत बसलो. हे पहिल्यांदाच बघत होते. वाघ-शिंप्यावर फिदा! टेप वाघाच्या गळ्यात आहे आणि समोरचं गिऱ्हाईक माप द्यायला हात वर करून उभं – म्हणजे मूळ चित्रात शिंप्यापुढे उभं असणार, पण आता वाघापुढे हात वर केल्यासारखं दिसतं. हे इतके हसले की ठसका लागला.

मग म्हणाले, बिघडलं म्हणतेस, पण अगं, टेप बरोब्बर गळ्यातच कशी पडली?

मी म्हटलं, योगायोग. तुमच्या चिठ्ठ्यांपेक्षा बराच बरा.

आजचा दिवस फार छान गेला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

काय लिहू. सरळ घडलं तसं लिहिते.

बाइंडरांनी पुस्तक शिवून ठेवलं होतं, पण माझ्या हातात देईनात. समोर बसा म्हणाले. हे तुमचे वडील काय म्हणून सांगायचे, विचारलं. सांगितलं – बिघडलेले ताव, रंग जुळवताना वाया गेलेले.

ते हसले. ड्रॉवरमधून भिंग काढून माझ्या हातात दिलं. माझ्या! जन्मभर भिंगांचाच धंदा केलेल्या बाईच्या. आणि तळ्यातल्या डब्यावर बोट ठेवलं.

"वाया गेलेला ताव कसाही पडतो, बाई. उलटा, तिरका. एक रंग इकडे, एक तिकडे. हा दुसऱ्या चित्रासाठी पुन्हा चार वेळा मशिनमधून गेलाय, आणि चारही वेळा केसभर हललेला नाही. याला बिघडलेला म्हणत नाहीत. हा बसवलाय."

भिंगातून बघितलं. लाल, पिवळा, निळा, काळा. डब्याच्या कडेला चारही रंग एकावर एक, कुठे फट नाही. आणि डबा बुडालाय तो नेमका पाण्याच्या रेषेपर्यंत.

अक्षरं नाहीत ती? मी विचारलं. ते म्हणाले, अक्षरं मागाहून वेगळी छापतात, तेव्हा हे ताव बाजूला ठेवले. मुद्दाम ठेवल्याशिवाय ते बिनअक्षरांचे राहत नाहीत. एका पुस्तकाचे चांगले ताव जपून ठेवायचे, महिन्यांनी दुसऱ्या पुस्तकाचं काम मशिनवर आलं की सुट्टी झाल्यावर थांबून एकेक ताव हाताने लावायचा. एका पुस्तकाला सहा-आठ महिने गेले असतील, त्यांचा अंदाज. आणि हा अंदाज ह्यांच्यासारखा नाही.

"मग त्यांनी बिघडलेले का म्हणून सांगितलं?"

"चांगला ताव घरी नेता येत नसे," बाइंडर म्हणाले. "बिघडलेला येत असे."

नऊ पुस्तकं. सहा-आठ महिन्यांना एक. शेपूट पाळण्यात होता तेव्हापासून.

घरी येताना रस्ताभर एकच वाक्य कानात. बिघडलेली नकोत, खरी आणा. लोकांना आता नीट दिसतं का, आता दिसतं का, विचारत मी म्हातारी होत आले, आणि माझ्या घरातलं एवढं मला दिसलं नाही. रडले. ह्यांनी चहा करून आणला आणि शेजारी बसले. चहात साखर नव्हती. तसाच प्यायले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस वाईट गेले, पण आज सकाळी जाग आली तीच मजेत. वाटलं, हा माणूस आठ-आठ महिने एक गंमत पोटात ठेवून घरी यायचा, जेवायचा आणि आम्ही गोष्ट कशी रचतोय ते ऐकत बसायचा. किती मजा आली असेल त्याला! 'पुढचा फर्मा अजून बिघडला नाही' म्हणताना मिशीत हसायचे, ते आत्ता कळलं. पन्नास वर्षांनी.

तरी शनिवारचं टेन्शन आहेच. आरशासमोर म्हणून बघितलं, माझं चुकलं. चेहरा असा झाला की दात दुखतोय.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आला. टक्कल पडलंय! दारात मला बघून म्हणाला, ताई, तू बुटकी झालीस. मी म्हटलं, आणि तुझं शेपूट गेलं वाटतं. हे मधे उभे राहून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे. मग तिघांनी मिळून चपला कुठे काढायच्या यावर पाच मिनिटं घालवली.

तो लिफ्ट दुरुस्तीची कामं बघतो, त्यामुळे बसल्याबसल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टला नावं ठेवून झाली. खाणं सुरू झालं. हे मुद्दाम काहीतरी आणायला बाहेर गेले. तोंडात घास असतानाच मी म्हटलं, कारण नाहीतर म्हटलंच नसतं –

"माझं चुकलं."

"कशाबद्दल?" तो म्हणाला. "यादी मोठी आहे."

मग गंभीर झाला. म्हणाला, तू तेव्हा फोनवर बोललीस ना, मी भांडलो नाही, कारण मलाच खात्री नव्हती. तीन खेपा रद्दी गेली होती. मला वाटत होतं, माझ्याच हातून गेली. चार वर्षं मी रद्दीच्या दुकानासमोरून गेलो की आत वाकून बघतो.

त्याच्या ताटात आणखी वाढलं. तो नको म्हणाला, तरी वाढलं.

मग पुस्तकं काढली. बाइंडर काय म्हणाले ते सांगितलं, भिंग दिलं. तो एकेक पान बोट फिरवून बघत होता, लहानपणी बघायचा तसा, जीभ किंचित बाहेर. बराच वेळ. मी सात जुलैचं सांगितलं. 'खरी आणा' कोण म्हणालं ते.

"माहितेय," तो म्हणाला. "मी टेबलाखाली होतो." पान उलटलं. "मी दहावीपर्यंत वाट बघत होतो, ताई. बाबा घरी आले की त्यांची पिशवी आधी मी बघायचो. मी तुझ्यावर चिडलेलो आहे तो तेव्हापासून. रद्दीचं काय, ते नंतरचं."

एवढं बोलून तो हसला आणि माझ्या दंडावर जोरात चिमटा काढला. नखांची परतफेड. लागलं चांगलंच, पण ओरडले नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

दुपारी गेला. नववं त्याला दिलं. घेईना, वाटणी बरोबर नाही म्हणे, तुझ्याकडे आठ आणि मला एक. मी म्हटलं, मग वाघ-शिंपी ने. लगेच नववं पिशवीत टाकलं. जाताना लिफ्टच्या जाळीतून ओरडला, बुडाली नव्हती! खालच्या मजल्यावरच्या बाई दार उघडून बघायला लागल्या.

आठ पुस्तकं आता काचेच्या कपाटात, चित्र दिसेल अशी उभी. घर कसं भरल्यासारखं वाटतं. ट्रंक रिकामी झाली. उद्या पुसून घेते, ह्यांचे स्वेटर ठेवायला होईल. चिठ्ठी या वेळी मी लावणार.

२३ फेब्रुवारी, सोमवार

ट्रंक पुसायला तळाचा जाड कागद उचलला. खालची बाजू छापलेली.

पुरा ताव. न दुमडलेला, न कापलेला. एकच बाजू, चार पानं. गाडी तळ्यातून पलीकडे बाहेर येतेय. खिडक्यांतून पाणी गळतंय, टपावर बदकं. कोपऱ्यात पेन्सिलीत – दहावं. ६ जुलै. एकच दिवस आधीची.

शेपटाला फोन केला. म्हटलं, पुढचा फर्मा आलाय. त्याने विचारलं, "बदकं किती?"

सात. मोजून सांगितली.